धुरपदाअक्काची हरकत

सरकीचा एक दाणा लांबीला साधारण आठ मिलिमीटर भरतो. कापूस वेगळा काढणाऱ्या जिनातून निघाला तरी त्याच्या अंगावर आखूड, करडी लव राहतेच, आणि भिंगाखाली ती गाढवाच्या कानावरच्या केसांसारखी दिसते. या लवेमुळे दाणा एकटा कधी येत नाही. कुंदाबाईंनी चिमटीत एक उचलला, तर मागोमाग सहा लोंबत आले. शेजारच्या कागदावरच्या ढिगातून एक उचलला, तर एकच आला, वाळलेल्या मटकीसारखा सुटा आणि गुळगुळीत. त्यांनी हे दहा वेळा करून पाहिलं. पहिल्या ढिगाची सरासरी पाच, दुसऱ्याची एक. वहीत आकडे मांडून त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि मान वर न करता विचारलं, "भाऊ, यात शेण आहे ना?"

"कलकत्त्याला गेलेल्या कागदात तरी नाही," अभिमन वकील म्हणाले.

कुंदाबाई जळगावच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत. रसायन घेऊन बी.एस्सी. झालेल्या. अभिमन त्यांचे थोरले भाऊ. त्यांची वकिली बांधाच्या भांडणांवर आणि मारामाऱ्यांवर चालायची, पेटंट हा शब्द त्यांनी या प्रकरणाआधी फक्त चामड्याच्या बुटांच्या बाबतीत ऐकला होता. म्हणून त्यांनी रविवारी बहिणीला बोलावून घेतलं होतं आणि चौदा पानांचा एक इंग्रजी कागद तिच्यापुढे ठेवला होता. धुळ्याचा बियाण्यांचा व्यापारी रुपचंद याने कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत केलेला हा अर्ज. सरकीवर करायची एक नवी प्रक्रिया आपण शोधून काढली, असं त्याचं म्हणणं होतं.

कुंदाबाई बोट ठेवून, मराठी करत वाचू लागल्या. "गोवंशजन्य सेंद्रिय कलिल, चार भाग. हे शेण. काष्ठदहनानंतरचा अल्कधर्मी अवशेष, एक भाग. राख. वल्मीकातील अतिसूक्ष्म मृत्तिका, दोन भाग. वारुळाची माती. हे सर्व मानवी तळव्याच्या आवर्ती दाबाखाली…"

"म्हणजे?"

"हाताने चोळायचं."

अभिमनभाऊंनी कागद उलटून पाहिला. "चौदा पानं शेणाबद्दल लिहायची आणि शेण हा शब्द एकदाही येऊ द्यायचा नाही. कुंदे, खरा शोध हाच आहे. पेटंट द्यायचं तर याला द्यावं."

हरकत घेतली होती ती चोपडा तालुक्यातल्या मोहखेड्याच्या धुरपदाअक्काने. साठी उलटलेली, विधवा, मूलबाळ नाही. पेरणीआधी गावातली चाळीस घरं आपापली सरकी टोपल्यांतून तिच्या अंगणात आणून टाकत आणि ती प्रत्येक घराची सरकी चोळून, सावलीत वाळवून परत देई. तिफणीच्या नळीत मग दाणा अडकत नसे. अक्काच्या हातची सरकी म्हणजे उगवणारच, असं गाव म्हणे. त्या हातावरच तिची भाकरी होती, आणि भाकरीपेक्षा जास्त म्हणजे तिचं गावातलं स्थान होतं. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगापर्यंत तिच्या ओट्यावर माणूस नाही असा दिवस जात नसे. आता रुपचंदने पत्र पाठवून कळवलं होतं, की पेटंट मिळालं की सोळा वर्षं हे काम त्याच्या परवानगीशिवाय कुणाला करता येणार नाही.

"सोपी केस आहे," कुंदाबाई म्हणाल्या. "गोष्ट जुनी आहे. नवी नाही."

"सोपी होती," अभिमनभाऊ म्हणाले, आणि त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली, "चुडामण, तो गठ्ठा आण."

चुडामण हा त्यांचा कारकून. गठ्ठा आणताना तो भिंतीच्या कडेकडेने आला. घडलं होतं असं: पुरावा देण्याची वेळ आली तेव्हा अभिमनभाऊ एका खुनाच्या खटल्यात अडकलेले. त्यांनी चुडामणला चोपड्याला पाठवलं, की गावकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं करून घे, अक्काच्या बाजूने. चुडामणने ती इमानेइतबारे करून घेतली. एक नाही, अकरा. मजकूर सगळ्यांचा एकच होता. सरकीची ही विद्या फक्त धुरपदाअक्काला येते, तिच्या सासूने मरताना ती तिला कानात सांगितली, गावात दुसऱ्या कुणालाही त्यातलं काहीही माहीत नाही, आणि हे आम्ही मुक्ताईची शपथ घेऊन सांगतो.

"भाऊसाहेब, मला वाटलं जितकी तारीफ जास्त तितकं वजन जास्त," चुडामण म्हणाला.

"वजन भरपूर पडलं. आपल्याच डोक्यावर."

मग त्यांनी बहिणीला कायदा समजावून सांगितला. एखादी गोष्ट लोकांना आधीपासून उघड माहीत असेल, तर तिचं पेटंट कुणालाच मिळत नाही. पण एकट्या बाईने ती पदराआड झाकून केलेली असेल, तर कचेरी म्हणते की जगाला तिचा काय उपयोग झाला? जगाला सांगितलं ते या रुपचंदने, तेव्हा पेटंट त्याला. थोडक्यात, अक्काची विद्या गुपित ठरली की अक्का हरली. ती गुपितच आहे हे अकरा साक्षीदारांनी शपथेवर लिहून दिलं होतं, आणि ते कागद कलकत्त्याला पोचलेही होते.

रुपचंदचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'अर्जदारास या अकरा सद्‌गृहस्थांच्या म्हणण्यात काहीही बदल सुचवावयाचा नाही. अर्जदार त्यांचे आभारी आहेत.'

"आता?"

"त्याच्या उत्तराला आपण एकदाच उत्तर देऊ शकतो. पुरावा चैत्र संपायच्या आत कलकत्त्याला पोचायला हवा. कुणीतरी शपथेवर म्हणायला हवं, की आम्हालाही माहीत आहे. एक माणूस जरी मिळाला तरी मी त्यावर उभा राहीन." अभिमनभाऊंनी चष्मा पुसला. "चुडामणला आता पाठवत नाही. तुला शाळेला सुट्टी आहे ना?"

*

मोहखेडा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. कुंदाबाई तापी ओलांडून चोपड्यापर्यंत एस.टी.ने आणि पुढे बैलगाडीने पोचल्या, आणि पहिल्या दिवशी त्यांनी नऊ जणांना एकच प्रश्न विचारला. नऊही जणांनी एकच उत्तर दिलं. दहावा उखर्डू. त्याचं घर अक्काच्या अंगणाला लागून होतं, मध्ये गुडघाभर उंचीची मातीची भिंत.

"उखर्डूभाऊ, तीस वर्षांत तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत, ती सरकीला काय लावते ते?"

"आम्ही आडानी मानसं, बाई. अक्का जाने नि तिना हात जाने."

"भिंत तर एवढीशी आहे."

"मनी मान तिकडे वळस नही. लकवा मारेल शे."

"आत्ताच तर वळली होती."

"ती तुम्हनाकडे वळनी," उखर्डू म्हणाला. "अक्काकडे वळस नही."

कुंदाबाईंनी वहीत लिहिलं: मान, एका दिशेने. त्यांना राग येत नव्हता. प्रयोगात दहा वेळा एकच आकडा आला, तर तो आकडा खरा असतो किंवा उपकरण बिघडलेलं असतं. इथे उपकरण म्हणजे त्यांचा प्रश्न. तो बदलायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झुंबरबाईकडे गेल्या. झुंबरबाई अक्काच्या ओट्यावर रोज बसणारी, तिच्याच वयाची. अंगणात खाटेवर कापड टाकून ती ज्वारीचे पापडासारखे बिबडे घालत होती. कुंदाबाईंनी पदर खोचला आणि त्याही बिबडे घालू लागल्या. एक वाटोळा आला, दोन वाकडे. झुंबरबाईने वाकडे मुकाट्याने नीट केले. अर्धी खाट भरल्यावर कुंदाबाई सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तुमच्याकडे सरकीला चुना लावतात ना, झुंबरबाई?"

झुंबरबाईचा हात थांबला.

"चुना?"

"हो. म्हणजे अक्का चुनाच लावत असणार. शास्त्राप्रमाणे चुनाच बसतो."

"कोन्हा शास्त्रमा?" झुंबरबाई म्हणाली. "चुना लावं ते बी जळी जाई, माय. मोडच येवाव नही. शेन नि राख, नि वारूयनी माटी, तीबी वरनी नही, हातभर खालनी…"

ओल्या बिबड्यावर एक माशी येऊन बसली, तरी तिने ती हाकलली नाही. मग तिने कुंदाबाईंकडे पाहिलं. हेडमास्तरांना फळ्यावर चुकीचं गणित दिसलं की ते कुंदाबाईंकडे पाहत, तसं. "शिकेल मानूस मोठं लबाड ऱ्हास," ती म्हणाली.

"हातभर खालची का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. झुंबरबाईने हात धुतले आणि सगळं सांगितलं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का नाल्याकाठच्या वारुळावर जाते, टोपलीवर लुगड्याचं फडकं झाकून. त्या दिवशी गावातली एकही बाई नाल्याच्या विहिरीवर पाण्याला जात नाही. सगळ्या वळसा घालून मारुतीच्या विहिरीवर जातात. अक्का वळणाशी आली की मोठ्याने खोकते. मग कुणी चुकून त्या वाटेवर असेल तर बाभळीमागे बसतं. एकदा उखर्डू बसला होता आणि काटे काढायला त्याला दोन दिवस लागले. अक्काला हिवताप आला त्या वर्षी चाळीस घरांनी आपली सरकी आपणच चोळली.

"उगवली?"

"न उगाले काय व्हयनं? पन आम्ही अक्काले जाईसन सांगं, यंदा पीक उतरनं, तुना हात नव्हता ना."

"आणि रुपचंदला कसं कळलं?"

"त्यानी मावशी आठलीच. दर आखाजीले येवाना तो. वारूयवरच बठे." झुंबरबाईने तोंडाला पदर लावला. "गावमा एकटी अक्कालेच वाटस, का हाई गुपित शे."

कारण विचारलं तर ते एका वाक्याचं होतं. अक्का ऐन तिशीत विधवा झाली, दीर तिला माहेरी धाडायला निघाला, तेव्हा सासूने साऱ्या गावादेखत सांगितलं की ही विद्या मी हिलाच देऊन चालले, हिला घालवाल तर सरकी उगवणार नाही. म्हातारीने जे दिलं ते गावातल्या प्रत्येक घरात आधीपासून होतं. पण गावाने त्या दिवसापासून ते विसरायचं ठरवलं, आणि नीट विसरलं.

"मग कागदावर सांगा," कुंदाबाई म्हणाल्या. "नाहीतर ती विद्या रुपचंदची होईल."

"कागदवर सांगं ते अक्काले कळी."

"तिला विचारून सांगा."

"विचारं तरी कळीच ना." झुंबरबाईने बिबड्यांकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा तिले. तुम्ही परकं मानूस. तुम्हले लाज नही."

*

कुंदाबाईंनी वाटेत तीन वाक्यं तयार केली होती, वहीत लिहून. अक्काच्या ओट्यावर बसून त्यांनी ती जशीच्या तशी म्हटली. एक, गावाला सगळं माहीत आहे. दोन, ते सांगितलं नाही तर पेटंट रुपचंदला जाईल. तीन, तुमच्या परवानगीवाचून कुणी सांगणार नाही.

अक्का ठेंगणी, काटक बाई होती. तळहात शेणा-राखेने इतके घासलेले, की त्यांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. तिने तिन्ही वाक्यं ऐकली आणि सुपातले खडे वेचत राहिली.

"माले माहित शे," ती म्हणाली.

"काय?"

"त्यासले माहित शे, हाई माले माहित शे. हिवतापमा पडेल व्हतू मी, आंधळी नही व्हतू. चाळीस घरना शेनना वास येवाना."

कुंदाबाईंनी वही उघडली आणि मिटली. हा आकडा त्यांच्या कुठल्याच कोष्टकात बसत नव्हता. "मग तुम्ही वळणाशी खोकता कशाला?"

"त्यासले लपाले वेळ नको का?" अक्का म्हणाली.

"मग झालं तर. चोपड्याला चला. मामलेदारांसमोर एवढंच सांगायचं."

अक्काने सूप खाली ठेवलं. "माय, त्यासले माहित शे, माले माहित शे, तवलोंग बठ्ठं बरं शे. बोलं का सरनं. मंग मन्हा ओटावर कोन कसाले येई?"

"त्यांना करता येतं तरी इतकी वर्षं येतातच ना?"

"न बोलता येतस." तिने पुन्हा सूप उचललं. "देखसू."

हे 'देखसू' अकरा दिवस चाललं. सोमवारी अक्का म्हणाली, भाची येणार आहे. भाची आली आणि गेली, तर एकादशी निघाली. एकादशीनंतर अक्काची चोपड्याला जायची तयारी होती, पण बैल लंगडला. उखर्डूने दुसरा बैल देऊ केला तेव्हा तिने तोही लंगडतो असं शोधून काढलं. एकदा ती खरोखर गाडीत बसली आणि गावाच्या वेशीवर उतरून चुलीवर दूध राहिलं म्हणून परत गेली. तिच्या घरी दुभतं जनावर नव्हतं. जळगावहून अभिमनभाऊंचं पत्र आलं: 'गुरुवारी कागद टपालात पडला नाही, तर पुढच्या वेळी हरकतीसाठी मला रुपचंदकडूनच परवानगी घ्यावी लागेल.'

कुंदाबाईंनी ते अक्काला वाचून दाखवलं. आग्रह केला नाही. आग्रह हा पदार्थ इथे जास्त झाला तर उलट परिणाम होतो, हे त्यांच्या एव्हाना ध्यानात आलं होतं.

गुरुवारी सकाळी अक्का आपणहून गाडीत येऊन बसली. मागून दुसरी गाडी निघाली. तिच्यात उखर्डू, झुंबरबाई आणि शपथ घेतलेल्या अकरांपैकी जितके मावले तितके बसले.

"तुम्ही कशाला?" कुंदाबाईंनी विचारलं.

"आम्हले काय माहित," उखर्डू म्हणाला. "गाडी चालनी, आम्ही बठनूत."

*

मामलेदार कचेरीच्या ओसरीवर रुपचंद आधीच उभा होता. गोरा, गोल चेहऱ्याचा, पांढरी टोपी. ही बातमी त्याला कुणी दिली हा प्रश्न नव्हता, मोहखेड्यात त्याची मावशी होतीच. त्याने पुढे होऊन अक्काच्या पायांना हात लावला आणि पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर नथ घातलेल्या एका म्हातारीचं चित्र होतं. खाली मोठी अक्षरं: धुरपदा छाप सुधारित सरकी.

"अक्का, मी तुझं काही लुबाडत नाही," तो म्हणाला. आत्तापर्यंत त्याच्याबद्दल जे ऐकलं होतं त्यामानाने त्याचा आवाज फारच मऊ होता. "तुझी विद्या मोहखेड्यात पडून राहिली. मी ती सुरतेपर्यंत नेतो, तुझ्या नावाने. तू फक्त खरं सांग, की ही एकट्या तुलाच येते. अकरा जणांनी तर लिहूनच दिलंय."

अक्काने डबा हातात घेऊन फिरवला. नथ तिने कधी इतकी मोठी घातली नव्हती, पण चित्र वाईट नव्हतं. "हाई मी?"

"तूच. खानदेशात घरोघर."

कुंदाबाईंनी डब्यावरची अक्षरं पुन्हा वाचली. या माणसाने दोन मिनिटांत जे मांडलं होतं, ते त्यांनी अकरा दिवसांत मांडलेल्यापेक्षा जास्त गोड होतं. पेटंट कचेरीच्या भाषेत याला काय म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं. मोहखेड्याच्या भाषेत हा मान होता, आणि अक्काला आयुष्यात भीती होती ती एवढ्याच गोष्टीची, की तो जाईल.

आतून पुकारा झाला. मामलेदारांनी कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "बाई, सरकीवरची ही प्रक्रिया तुम्हाला येते?"

"येस."

"दुसऱ्या कुणाला येते?"

दारात दाटी झाली होती. अकरांपैकी एकही जण अक्काकडे बघत नव्हता. उखर्डू छताचे वासे मोजत होता. झुंबरबाईने पदर तोंडावर घेतला होता. टाकाच्या टोकावरची शाई वाळली, मामलेदारांनी तो पुन्हा बुडवला.

अक्का मागे वळली. "रुपचंद, हाऊ डब्बा झुंबर कोठेन आनी?"

"दुकानातून, अक्का."

"कोन्हा दुकानमाईन?"

"माझ्याच."

"नि तिनी घरमा आपला हातनी चोळी ते?"

रुपचंदने टोपी सारखी केली. "कायद्याने तसं चालणार नाही, अक्का. परवानगी घ्यावी लागेल."

"झुंबरले. तुनी परवानगी."

"कायदाच तसा आहे."

अक्काने झुंबरबाईकडे पाहिलं. तीस आखाज्या मारुतीच्या विहिरीवरून पाणी आणणारी ती बाई, पदराआडून फक्त जमीन बघत होती. मामलेदारांच्या टाकाची शाई दुसऱ्यांदा वाळली. ते म्हणाले, "बाई, मला आज आणखी सात कामं आहेत. फक्त तुम्हालाच येतं असं लिहू का?"

अक्काने डबा त्यांच्या टेबलावर ठेवला, चित्र खाली करून.

"नका लिखू," ती म्हणाली. "लिखा, मोहखेडाना बठ्ठासले येस, घरोघर येस. मन्ही सासू जिती व्हती तवयबी येत व्हतं. नि त्यासले येस, हाई मालेबी माहित शे."